फितूर कोळीण

संजना पनवेलच्या बाजारात मासळी विकते, आणि दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की पाटीमागे बसून हेरगिरीच्या कादंबऱ्या वाचते. उरणच्या खाडीकाठची पोर. शाळा दहावीत सुटली, पण वाचनालयाचं कार्ड वीस वर्षांत एकदाही बंद पडलेलं नाही.

वाचनालयाच्या वाचक मंडळाने पन्नास वर्षांपूर्वीच्या एका गाजलेल्या हेरकादंबरीतला प्रवेश रंगमंचावर करायचं ठरवलं. मंडळाच्या चारुताताई बाजारात आल्या. "संजनाताई, कोळणीचं काम तुम्हीच करायचं. खरीखुरी कोळीण आम्हाला कुठे मिळणार?" संजना हरखली. वीस वर्षांत मंडळाने तिला साध्या चहालाही बोलावलं नव्हतं.

दोन दुपारींत तिने पुस्तक संपवलं आणि तिचं डोकंच फिरलं. त्यातली कोळीण सोन्याच्या पाटल्यांसाठी फितूर होते, अष्टमीच्या मध्यरात्री कंदील दाखवून शत्रूची होडी गावच्या खाडीत आणते. गोरापान नायक तिच्या मुस्काटात मारतो, वर तिच्या अंगाच्या वासावर विनोद करतो. या लेखकाने खाडी बघितली तरी होती का? अष्टमीला मध्यरात्री ओहोटी असते, खाडीत गुडघाभर चिखल. कोळीवाड्यातलं शेंबडं पोरही सांगेल. म्हणजे ज्या गुन्ह्यासाठी त्या बाईला बडवलं तो घडूच शकत नव्हता, आणि पन्नास वर्षं हे शहाणे वाचक माना डोलावत बसले!

तिने चारुताताईंना तसं सांगितलं. त्या हसल्या. "अहो, करमणूक आहे ती. इतकं काय मनाला लावून घेता?"

नाही म्हणावं, तर मंडळ पुन्हा कशाला विचारतंय? करावं, तर पहिल्या रांगेत तिची लेक इरा बसणार, आईने देश विकलेला बघायला. दोन दिवस ती गिऱ्हाइकांवरही खेकसत होती.

रविवारी ती लुगडं नेसून रंगमंचावर उभी राहिली. नायक झालेल्या बँकेतल्या साहेबांनी हात उगारला. संजनाने त्यांचं मनगट धरलं.

"थांबा. आज अष्टमी हाय ना? मग आता ओहोटी हाय, खाडीत पानी नाय. होडी आली कुठून? मी देश कुनाला इकला, ते दाखवा आदी. मंग मारा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांना वाटलं, हेही नाटकातलंच. चारुताताईसुद्धा कौतुकाने टाळ्या वाजवत होत्या. संजनाच्या अंगाची लाही लाही झाली.

तिने साहेबांचं मनगट सोडलं नाही. टाळ्या थांबेपर्यंत ती तशीच उभी राहिली, आणि मग पहिल्यापासून पुन्हा सांगायला लागली.