बद्द वाजलेली नळी

ज्ञानू कोकरे यांना मी किती ओळखत होतो, असं कुणी विचारलं तर मला खाली बघावं लागेल. बारा वर्षं त्यांच्या शेजारी बसलो, पण त्यांच्या गावी एकदाही गेलो नाही. मला लिहायची सवय नाही. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात जन्मभर पावत्या फाडल्या, तेवढंच माझं लिखाण.

दौंडला स्टेशनच्या मागे आमची घरं भिंतीला भिंत लागून होती. जुनी दुनळी बंदूक घ्यायची असली की शिरूर आणि दौंड तालुक्यांतले लोक आधी ज्ञानूमामांकडे यायचे. त्यांना लिहिता येत नसे. ते बघून सांगत, मी कागदावर उतरवी.

मामा बंदूक हातात घेतली की आधी स्क्रू बघायचे. स्क्रूची खाच चेचलेली असली की म्हणायचे, "आडाण्यानं खोललीय. आत काय केलं आसंल कुणाला ठावं." मग दस्त्यावरची झिजलेली नक्षी आणि नळ्यांच्या पोटाखालचे ठसे बघून वय सांगायचे. शेवटी नळ्यांची जोडी सुटी करून तिच्या बुडाचा आकडा उजव्या हाताच्या बोटात अडकवायचे, जोडी लोंबती ठेवायचे आणि लाकडी पट्टीने टिचकी मारायचे. नाद घंटेसारखा लांबत गेला की दोन नळ्यांमधला जोड शाबूत. बद्द वाजली की माल खराब. "आजून वीस वर्षं चालंल," असं ते म्हणाले की व्यवहार झालाच.

डाव्या हाताची दोन बोटं त्यांना नव्हती. १९८६ साली ते इनामगावचे बागायतदार सोपानराव यांच्या उसाची राखण करत. रानडुकरांसाठी सोपानरावांनी त्यांना आपली एक जुनी बंदूक दिली. आतून गंजाने खाल्लेली नळी बार काढताच फाटली. पोलिसांसमोर सोपानराव म्हणाले, "नळीत चिखल भरला होता. गड्यानं बघितलं नाही." कागदावर तेच आलं. बोटं गेली, वर बेअक्कल ठरले.

पुढे मामा नगरला बंदुका दुरुस्त करणाऱ्या एका माणसाकडे चार वर्षं राबले. तिथं त्यांना कळलं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. "आप्पा, चिखल तोंडाशी आसतो. तवा नळी तोंडाशी फुगती. माझी फाटली हाताखाली. म्हंजी ती पातळ व्हती, आन् मालकाला ठावं व्हतं." त्या नळीचा फाटका तुकडा त्यांनी जपून ठेवला होता. माझे कागद उडू नयेत म्हणून तोच वर ठेवायचे. कडेला तो पत्र्याएवढा पातळ होता.

२००१ च्या हिवाळ्यात सोपानराव स्वतः आले. डोळे अधू झाल्यामुळे त्यांना आता परवाना ठेवायचा नव्हता. वडिलांची विलायती दुनळी निमोण्याच्या पोपटरावांना द्यायची ठरली होती, पण पोपटराव म्हणाले होते, ज्ञानूमामा हो म्हणतील तरच घेतो. नाहीतर ती पोलिसात जमा होऊन गंजत पडणार होती. त्या बंदुकीचा सोपानरावांना फार अभिमान. गावच्या बैठकीत तीस वर्षं तिचीच गोष्ट सांगत आले होते.

पोपटराव बाहेर जीप लावत होते. सोपानराव बाजेवर टेकले. "काय ज्ञानबा, दोन बोटं कमी, तरी धंदा जोरात हाय म्हनं!"

"उरलेल्या तीनावं भागतंय," मामा म्हणाले.

त्यांनी स्क्रू बघितले, ठसे बघितले. जोडी बोटात अडकवून टिचकी मारली. नाद असा लांबत गेला की चुलीपुढून कुशाबाईंनी, मामांच्या बायकोनं, मान वर केली. इतक्या वर्षांत तशी नळी मी ऐकली नव्हती. सोपानराव मिशीत हसले.

पोपटराव आत आले. "वाजवा की मामा. मला बी ऐकू द्या."

मामांनी जोडी डाव्या हातात घेतली. तीन बोटांचा तळवा नळ्यांवर दाबून धरला, अंगठा जोडावर टेकवला आणि टिचकी मारली. ठक्क. ओल्या लाकडावर मारल्यासारखी.

"बद्द," मामा म्हणाले. "जोड गेलाय. फाटंल."

"आरं, टांगून वाजव! आत्ता कशी वाजली!" सोपानराव उठून उभे राहिले.

"सैल जोड आसाच आसतो. एकदा वाजतो, एकदा न्हाई. त्योच बोटं खातो."

"आप्पा, तुम्ही ऐकलंत ना? तुम्ही सांगा पोपटरावांना!"

पोपटराव माझ्याकडे बघू लागले. मामांनी माझ्याकडे बघितलंच नाही. ते डाव्या हाताची बोटं फडक्याला पुसत होते. मी कागद घेतला, त्यावरचा नळीचा तुकडा बाजूला सरकवला आणि लिहिलं : नळी बद्द वाजते. घेऊ नये.

पोपटरावांनी कागद खिशात घातला. सोपानराव दारात थांबून एवढंच म्हणाले, "ज्ञानू, तुला ठावं हाय ती चांगली हाय."

"तुमाला बी ठावं व्हतं, मालक. पर कागदाव चिखल आला."

ती बंदूक पोलिसात जमा झाली. पुढे सोपानरावांनी बैठकीत बंदुकीचं नाव काढलं की कुणीतरी विचारायचं, "कोणती, बद्द वाजती ती?" त्यांनी बैठकीला जाणं सोडलं. हे कानावर आलं तेव्हा मला बरं वाटलं. वाटायला नको होतं कदाचित, पण वाटलं. मामांना काय वाटलं ते मी विचारलं नाही. मात्र त्यानंतर कुणाचीही बंदूक आली तरी ते म्हणायचे, "आता ऐकू येत न्हाई," आणि परत पाठवायचे. मी भिंतीपलीकडून हळू हाक मारली तरी ते ओ द्यायचे.

२००३ च्या उन्हाळ्यात मी बाजाराला निघालो होतो. ते ओट्यावर बसले होते. त्याच आठवड्यात ते गेले.

"आप्पा, शेवग्याच्या शेंगा आणा. कुशीला आवडत्यात."

"आणतो."

"कवळ्या बघून आणा."

"बघून आणतो, मामा."