सुनेसाठी एक परका माणूस

माझी सून परदेशी. म्हणजे तिच्या बाजूने पाहिलं तर परदेशात तीच राहते, आमच्या बेंगळुरूत. लग्न होऊन आली, माझ्याकडून मराठी आणि भाजीवाल्याकडून कन्नड शिकली, आणि आता दोन्ही भाषांत माझ्याहून छान घासाघीस करते. यंदा तिच्या पासपोर्टाची मुदत संपत आली, आणि नेमकं तेव्हाच तिकडे तिच्या वडिलांच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं. तिला आई नाही, भावंड नाही. तिलाच जायला हवं होतं, आणि पासपोर्टाशिवाय विमानात कोण बसवणार?

"हल्ली सगळं ऑनलाइन असतं आई, घरबसल्या होतं," मुलगा म्हणाला.

घरबसल्या! हा शब्द ऐकला की आता माझं डोकं फिरतं. घरात बसून माणूस जितका दमतो तितका रांगेत दमत नाही हो. रांगेत निदान मागच्या-पुढच्याजवळ चार शिव्या तरी घालता येतात.

फोटो इथल्याच शिवाजीनगरच्या स्टुडिओत काढून पाठवला. तर कॉम्प्युटरचं म्हणणं, जुन्या पासपोर्टातली ती ही नव्हेच! जुन्या फोटोत ती कॉलेजातली, केस मुलासारखे कापलेले, गालफडं बसलेली. आता लांब वेणी आहे आणि माझ्या हातचं खाऊन अंगानं भरलीय. मग आता कोणीतरी ऑनलाइन ग्वाही द्यायची की बाबांनो, ही तीच. ग्वाही देणारा चांगल्या नोकरी-पेशातला हवा, तिला दोन वर्षं तरी ओळखणारा हवा, आणि नात्यातला अजिबात नको.

"एवढंच ना? आपल्या डॉक्टरांना सांगू," मी म्हटलं.

डॉक्टर म्हणजे ह्यांचे जुने स्नेही, आमच्यासारखेच पिढ्यान्‌पिढ्या इथले. त्यांनी हौसेनं सगळं भरून दिलं. थोड्या दिवसांनी उत्तर आलं, ग्वाही नामंजूर. का, तर 'अर्जदार तुमची कोण' ह्यापुढे डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'मुलगी'.

मी तडक फोन लावला. "अहो, मुलगी काय लिहिलंत?"

"मग काय लिहू अक्का? कन्यादान कोणी केलं तिचं?"

हेही खरंच. लग्नाला तिच्या वडिलांना येता आलं नव्हतं, तेव्हा पाटावर डॉक्टर आणि त्यांची बायकोच बसली होती. तेव्हापासून दर दिवाळीला ही त्यांच्याकडे माहेरपणाला जाते.

"पण तिचे वडील तिकडे आहेत ना! तिथल्या साहेबाला वाटलं असेल, ह्या बाईला बाप तरी किती!"

"खोटं मी लिहिणार नाही," डॉक्टर म्हणाले. वर मलाच विचारतात, "पोरगी जेवते ना नीट?"

मग शेजारची दातांची डॉक्टर धरली, नागपूरकडची. तिला बजावलं, बाई गं, नातं लिहू नकोस. "काकू, मी काय वेडी आहे का?" म्हणाली. 'मैत्रीण' असं लिहिलंन, आणि पुढे जोडलंन, 'पण सख्खी बहीणच समजा'. झालं! तेही परत. आणि ऑपरेशन तोंडावर आलेलं. सून टेबलाशी डोकं धरून बसली.

"आई, मला इथे कोणीच परकं का नाही?"

मुलगाच म्हणाला, "खालचे आहेत की."

खालचे म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले साहेब. आमच्या कुंड्यांचं पाणी त्यांच्या गाडीवर पडतं, ह्या एकाच विषयावर आमचं आजवर बोलणं झालेलं. सगळी बिल्डिंग मला अक्का म्हणते, हे 'मॅडम' म्हणतात, आणि तेही दात आवळून. गेले खाली. बेल दाबली. ओठांवर 'अण्णा' आलं होतं, ते गिळलं.

"सर," मी म्हटलं.

"पाणी?"

"पाणी नाही. सुनेचं काम आहे."

"स्कूटर?"

सगळं सांगितलं. ते चष्मा पुसत ऐकत राहिले. "ओळखतो म्हणजे काय, रोज ओळखतो. माझ्या गाडीसमोर आडवी स्कूटर लावते तीच ना? सरी, ठीक आहे, पाठवा ईमेल."

माझ्यासमोरच त्यांनी एका बोटानं टाइप केलं. "नातं," मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले, "कसलंही नाही." इतक्या समाधानानं म्हणाले की काम होत असूनही मला राग आला.

ती ग्वाही मात्र चालली. पासपोर्ट आला, आणि वडिलांना दवाखान्यात भरती करायच्या आदल्या दिवशी सून त्यांच्या दारात उभी होती.

ऑपरेशन नीट पार पडल्याचं कळलं, तशी मी बेसनाचे लाडू घेऊन खाली गेले. साहेबांनी दार अर्धंच उघडलं.

"नको मॅडम. आज लाडू खाल्ला तर उद्या मला मामा म्हणाल. दहा वर्षांनी तिचा पासपोर्ट पुन्हा संपेल, तेव्हा कोणाला शोधाल?"

आणि दार लावलं! शेजाऱ्याच्या हातचा लाडू परत पाठवणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. तणतणत वर आले, तर सुनेचा फोन. वडील वॉकर धरून खोलीतल्या खोलीत चालले म्हणून सांगत होती. मी तिला मध्येच तोडून लाडवाचं गाऱ्हाणं घातलं.

"आई," ती म्हणाली, "पुन्हा नेऊ नका लाडू. राहू द्या त्यांना तसंच परकं."