शिल्लक लुगड्यांची किंमत

सोलापुरात घराच्या पुढच्या भागातच आमचा हातमागाचा कारखाना होता. थोरले दीर विक्री बघायचे. सूत आणि माग आमच्या यांच्याकडे. मी आणि थोरली जाऊ मागच्या सोप्यात बसून मागासाठी कांड्यांवर सूत भरायचो. तिला मी अक्का म्हणायची. घरातलं बोलणं तेलुगूत, पण कुणाला चिडवायचं असलं की अक्का मराठीवर यायची.

दिवाळीच्या आधी शिल्लक मालाची मोजदाद व्हायची. आम्ही दोघी लुगडी काढून द्यायचो, हे हात फिरवून किंमत सांगायचे आणि दीर लिहून घ्यायचे. मधेच अक्का एखादं लुगडं खांद्यावर टाकून विचारायची, "आता किती झाली की हो याची किंमत?" दीरसुद्धा हसायचे.

मंदीच्या वर्षी कुणी हसलं नाही. सुताचा भाव एकदम उतरला होता. महागाच्या सुतातली लुगडी खोलीत तशीच पडून होती आणि तसलीच नवी लुगडी स्वस्तात विणून होत होती.

"या मालाला आजचा भाव लावा," हे म्हणाले.

"सूत, रंग, मजुरी मिळून जे पडलं तेच लिहिणार," दीर म्हणाले.

"अन्ना, बाजारात तेवढं कोण देतंय? जुनी किंमत लावली तर नफा दिसेल, पण तो कागदावरच. त्याच्या भरवशावर आपण नवे माग घ्यायला निघालोय."

"म्हणजे माझ्या मालाला किंमत नाही, म्हण की."

आमच्या घरात 'माझा माल' हे शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले.

ते बोलणं दीरांच्या मनात राहिलं ते राहिलंच. संक्रांतीनंतर वाटणी झाली. दीरांनी हट्टानं सगळा शिल्लक माल स्वतः लिहिलेल्या किमतीला घेतला आणि माग आम्हाला सोडले. हे त्यांच्या पाया पडले. "अन्ना, तुमचा वाटा कमी पडतोय. आजच्या भावानं धरा आणि वर निम्मे माग न्या." दीरांनी ऐकलं नाही. लुगड्यांचे गठ्ठे गाडीत चढले, त्यांच्यावर अक्का बसली, आणि ती दोघं वैराग गावी राहायला गेली.

माल शेवटी पडेल भावात गेला. ते कळलं त्या दिवशी हे जेवले नाहीत. पुढं यांनी दोन माग खोलून वैरागला पाठवले. दीरांनी ते ठेवून घेतले, पण सोलापुरात पाऊल टाकलं नाही.

एकदा मी तिकडं गेले. अक्काशी किती काय बोलायचं होतं! दारात तिची शेजारीण उभी होती. तिनं विचारलं, "ह्या कोण?"

"सोलापूरच्या पाव्हण्या हायत," अक्का म्हणाली.

तिनं मला पाटावर बसवलं, भाकरी-आमटी वाढली आणि स्वतः भिंतीला टेकून उभी राहिली.

"अक्का, तूही बस ना."

"तुमचं होऊ द्या," ती म्हणाली. मला तिनं कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं.