गाळलेली ओळ

रय शहराच्या कागदबाजारात बुंदार नकलनवीस तीस वर्षं बोरू झिजवत होता. साधं टिंब गाळणाऱ्यालाही बाजारातून हाकलून द्यावं, असं म्हणणारा हा कडक माणूस. आणि त्यानेच एक अख्खी ओळ गाळली, तीही जाणूनबुजून.

त्याची सहा वर्षांची लेक गुलनार हिवाळ्यात गोवराने गेली. त्याच सुमारास ख्वाजा अबू तालिब या विद्वानांनी आत्म्यावरचा आपला ग्रंथ त्याला नक्कल करायला दिला. आत्मा म्हणजे देह नव्हे, तो देहाबरोबर मरत नाही, हे बुंदार दिवसभर लिहायचा आणि घरी येऊन बायकोला, माहकला सांगायचा. माहकचं रडणं थांबलं. पण जेवणही थांबलं. "इथे बसून काय करू? पोर तिकडे एकटी आहे," म्हणायची. बुंदारला वाटलं, ओसरेल हळूहळू.

मग पाचव्या प्रकरणात ती ओळ आली. चेहऱ्यांची आठवण मेंदूच्या मागच्या कप्प्यात असते आणि देहाबरोबर मातीत जाते. म्हणजे लेकीचा आत्मा आहे, पण तो आईबापाला ओळखायचा नाही. हे माहकला कोणत्या तोंडाने सांगायचं? बुंदारने ओळ सोडून दिली.

नक्कल झाली की नकलनविसाने ती मोठ्याने वाचायची आणि लेखकाने मूळ प्रतीशी ताडायची, असा रिवाज. ख्वाजा म्हातारे, पण स्वतः घरी आले. माहक भिंत धरत धरत पडद्याआड येऊन बसली. पाचव्या प्रकरणात ख्वाजांनी बोट वर केलं.

"बुंदार, एक ओळ राहिली. वय झालं की काय तुझं?"

त्यांनी मूळ प्रत पुढे सरकवली. बुंदारने ती ओळ मोठ्याने वाचली.

पडद्याआडून माहकने विचारलं, "मग मी मेल्यावर मलाही ती आठवायची नाही?"

ख्वाजांचा चेहरा उतरला. "नाही, मुली. मला तरी तसंच दिसतं."

"तिच्या कानामागचा तीळसुद्धा?"

बुंदारने समासात ओळ लिहिली. अक्षर वाकडं आलं.

ख्वाजा गेल्यावर तो माफी मागायला पडद्याआड गेला. माहक हुंदके देत होती.

"जवाचं कढण करा," ती म्हणाली. "मला जगायला हवं. तीळ कुठल्या कानामागे होता, तुम्हाला तर तेही आठवत नसेल."

बुंदारने आठवून पाहिलं, पण आठवेना. मग तो चूल पेटवायला गेला.