मुकादमाची पाती

माझ्या थोरल्या बहिणीचं दुकान समुद्राकडे उतरणाऱ्या रस्त्याच्या शेवटच्या वळणावर आहे. दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे काउंटर, मागे कामाचं टेबल आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या लीश. लीश म्हणजे लाटेवर उभं राहायच्या बोर्डाच्या शेपटापासून सर्फरच्या घोट्यापर्यंत जाणारी रबरी दोरी. माणूस लाटेवरून पडला तरी बोर्ड त्याला सोडून जाऊ नये, एवढंच तिचं काम. बाजूला मेणाच्या वड्या, बोर्डाच्या पिशव्या, पाय घसरू नये म्हणून चिकटवायच्या खरखरीत पट्ट्या आणि टोपलीत फिन. ही फिन म्हणजे बोर्डाच्या पोटाखाली मागच्या बाजूला बसवायची पाती. नवी असते तेव्हा सुरीसारखी. पाण्यात गटांगळ्या खाताना ती कोणाच्या मांडीत घुसेल याचा नेम नसतो, म्हणून गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी ताई तिच्या कडा पॉलिश पेपरने घासून बोथट करते. कोणी नको म्हटलं तरी करते.

एकाच माणसाच्या फिनला ती उलट धार लावायची. तिच्या नवऱ्याच्या.

भावोजींना किनाऱ्यावर सगळे मुकादम म्हणायचे. टोकाच्या खडकापाशी जी मोठी लाट फुटते ती वाडवडिलांनी आपल्या नावावर करून दिल्यासारखे ते तिथे वागत. परका कोणी आडवा आला की सरळ त्याच्या अंगावर बोर्ड घालायचे. पाण्यात ना पोलीस, ना पंच. एकदा एका पाहुण्याने वर येऊन जाब विचारला, तर त्याला मानेला धरून पाडलं आणि तोंडात ओली वाळू कोंबली. तो ओकेपर्यंत कोंबत राहिले. मी चार हातांवर उभी होते, आणि आमच्या गावची शूर माणसं आपापल्या बोर्डांना मेण लावत होती.

ताई धार का लावायची? लग्नानंतर बरीच वर्षं भावोजींचा हात घरात चालायचा. तिची उजवी करंगळी अजून सरळ होत नाही, दाराच्या फटीत धरून मोडलेली. पुढे तिच्या लक्षात आलं की ज्या दिवशी हे पाण्यात कोणाला तरी फाडून येतात, त्या दिवशी घरी गपचूप जेवतात आणि झोपतात. तेव्हापासून ती स्वतःच कानस घेऊन बसायला लागली. म्हणायची, तिकडे निघालं की इकडे येत नाही. मी म्हणायचे, अगं, तिकडेही कोणाची तरी लेकरंच आहेत. पालथ्या घड्यावर पाणी. त्याच फिनने फाटलेला वेटसूट, म्हणजे पाण्यात घालायचा रबरी पोशाख, घेऊन गिऱ्हाईक पुन्हा तिच्याकडेच यायचं, आणि ती सोल्यूशन लावून फाटलेल्या कडा इतक्या मायेने जुळवायची की मला तिच्या तोंडाकडे बघवत नसे.

तिला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. लेकीला बापाची झळ लागता कामा नये. बाकी जग गेलं खड्ड्यात.

माझ्या या भाचीला आम्ही बारकी म्हणतो. नाव बारकी असलं तरी ती बापाच्या डोक्याच्या वर गेली आहे. बापाने तिला पाण्याची बंदी केली होती, आणि खडकाजवळ तर पाऊलही टाकायचं नाही. पण खाण तशी माती. दुरुस्तीला आलेले बोर्ड परत जायच्या आधी ती दुसऱ्या टोकाला नेऊन चोरून शिकली, आणि चांगली शिकली. ताईला ठाऊक होतं. ती घाबरायची आणि मनातून खूशही व्हायची. मग एका सकाळी पोरगी सगळ्यांदेखत खडकापाशी गेली आणि बापाच्या लाटेवर उभी राहिली.

भावोजी मागून त्याच लाटेवर येत होते. "बाबा, मी आहे," असं ती ओरडली, हे पलीकडे बसलेल्या तिघांनी ऐकलं. भावोजींना बोर्ड वळवता आला असता. त्यांनी वळवला नाही.

तिला बोर्डावर आडवी घालून दुकानात आणलं. काउंटरवरून रक्त खाली ठिबकत होतं. ताईने कात्रीने वेटसूट कापला आणि जखम पाहिली. पोटरीपासून टाचेपर्यंत एक सरळ, स्वच्छ काप. टाचेची शीर आत तुटलेली दिसत होती. असा काप ताईने रबरावर कितीतरी वेळा जोडला होता, तिला तो ओळखायला वेळ लागला नाही. तिच्या तोंडातून जो आवाज निघाला तो मला अजून ऐकू येतो.

डॉक्टरांनी शीर शिवली. पोरगी चालेल म्हणाले. बोर्डावर उभी राहील का, हे विचारल्यावर ते दुसऱ्या पेशंटकडे वळले. मुकादम दवाखान्याच्या दारात येऊन म्हणाला की सांगितलं होतं, माझ्या लाटेत यायचं नाही. त्या दिवसापासून मी त्याला भावोजी म्हणणं सोडलं. आता मुकादम, आणि तोही एकेरीत.

पोरीच्या पायाचे टाके निघायच्या आधीच तो दुकानात नवी लीश मागायला आला. आखूड हवी होती. लांब लीश पाण्यात मागे ओढते, वेग जातो, हे या लोकांचं जुनं खूळ. ताई त्याला दरवेळी विरोध करायची, कारण लीश आखूड असली तर पडल्यावर ताणली जाऊन बोर्ड उलटा आपल्याच अंगावर येतो. त्यासाठी तिने शिव्याही खाल्ल्या होत्या आणि एकदा थोबाडीतही, पण दोरी लांबच दिली होती. या वेळी तिने कात्री घेतली. त्याने जिथे बोट ठेवलं तिथे कापली. घोट्याचा पट्टा दुहेरी शिवला. मग कानस घेतली आणि त्याच्या तिन्ही फिनना धार लावली. मला वाटलं, बाई पुरती खचली.

वादळाच्या मागून मोठ्या लाटा आल्या. सगळं गाव किनाऱ्यावर बघायला उभं होतं. मुकादम एका लाटेवरून तोंडघशी पडला. बोर्ड पाण्याच्या ओढीने लांब गेला, दोरी ताणली गेली आणि बोर्ड सुटलेल्या गोफणीसारखा त्याच्यावर परत आला. फिन मांडीत घुसली. लोकांनी ओढून बाहेर काढला तेव्हा वाळू लाल होत होती, आणि तशातही त्याने उचलणाऱ्याच्या कानशिलात दिली.

ताई गर्दीतून पुढे गेली. घोट्याचा पट्टा सोडून तिने लीश हातात घेतली आणि तशीच उभी राहिली. लोक म्हणतात, ती गांगरली. मी तिला ओळखते. ती गांगरली नव्हती, ती बघत होती. रक्त उसळ्या मारत होतं. "बांध," मुकादम म्हणाला. मग आवाज बारीक झाला. "अगं, बांध ना."

तिने गुडघे टेकले. जखमेच्या वर दोरी गुंडाळली, लाकडाचा तुकडा अडकवून पिळली आणि तो किंचाळला तरी पिळत राहिली. खरं सांगते, मी असते तर बांधली नसती. दवाखान्यात त्याचा पाय मांडीतून काढावा लागला. जीव वाचला. आता तो त्याच्या भावाकडे खाटेवर असतो आणि तिथल्या माणसांवर भांडी फेकतो.

ताई हलकी झाली होती. दुकानात तिने कधी नव्हे ते गुणगुणायला सुरुवात केली. एके दिवशी बारकी अजून न भरलेल्या जखमेची पट्टी बदलून घ्यायला स्टुलावर पाय ठेवून बसली होती. तिने विचारलं, "लीश आखूड कापलीस तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो," ताई म्हणाली.

"मग बांधलीस कशाला?"

"मला ते मरायला नको होते. त्यांना एकदा लागायला हवं होतं." मलमाची डबी उघडत ती पुढे म्हणाली, "तुझ्यासाठी केलं मी."

बारकीने आईकडे पाहिलं.

"धारही तू माझ्यासाठीच लावत होतीस ना?"

ताईने पट्टी सोडवायला हात पुढे केला. बारकीने पाय मागे घेतला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "मावशी, तू बदल."