फेट्याशिवाय पान्हा नाही

माझी शाळा दुसरीपर्यंत. लिहिण्यात चुका निघतील, त्या काढणाऱ्यानं काढाव्यात. म्हशीच्या बाबतीत मात्र माझी चूक कुणी काढू नये.

आमच्या पेठेच्या रस्त्यावर तिन्हीसांजेला म्हशी उभ्या राहायच्या. कोल्हापूरच्या माणसाला घरून काढून आणलेलं दूध चालत नव्हतं. म्हस समोर पाहिजे, धार समोर पडली पाहिजे आणि फेसासकट पेला तोंडाला लागला पाहिजे. तालमीतले पैलवान उभ्या उभ्या तांब्या रिकामा करायचे आणि मिशा पुसत जायचे.

माझी जागा फेट्याच्या दुकानासमोर होती. दुकानदार म्हातारे होते, आम्ही त्यांना काका म्हणायचो. दुसऱ्या दिवशीच्या गिऱ्हाइकांचे फेटे ते त्याच वेळेला दारात बसून गुडघ्यावर बांधून ठेवायचे. लांबच लांब कापड, एक टोक दातांत, आणि पीळ देत सर्रकन फिरवायचं. माझी म्हस ते टक लावून बघायची आणि भडाभडा पान्हा सोडायची. मला वाटायचं, माझ्या हाताला गुण आहे.

मग संस्थान विलीन झालं. दरबारच राहिला नाही म्हटल्यावर फेटा बांधून जायचं कुठं? लोक पांढऱ्या टोप्या घालायला लागले आणि काहीजण बोडक्यानं हिंडायला लागले. खोगीर शिवणाऱ्यानं सायकली भाड्यानं द्यायला काढल्या. कोपऱ्यावर एक मुसलमान म्हातारा अत्तर विकायचा, त्याच्या पोरानं त्याच गाळ्यात घड्याळं दुरुस्तीला घेतली. बरेच दिवस पेठेतल्या घड्याळांना गुलाबाचा वास यायचा. आमच्या काकांनी पण दुकान मोडलं आणि ते पेठ वडगावला लेकीकडं राहायला गेले.

त्यांच्या गाळ्यात दक्षिणेकडचा एक हॉटेलवाला आला. इडली, डोसा, कॉफी. भिंतीला आरसे, टेबलावर फरशी. सगळे त्याला अण्णा म्हणायचे.

हॉटेल उघडलं त्या संध्याकाळी म्हशीनं दारातून आत बघितलं. काका नाहीत. एक माणूस उंच हात करून ह्या भांड्यातनं त्या भांड्यात कॉफी ओततोय. तिनं मान फिरवली आणि पान्हा चोरला. मी आंबोण पुढं ठेवलं, पाठ चोळली, रेडकू सोडलं. एक थेंब नाही. गिऱ्हाइकं तांबे घेऊन उभी राहिली आणि तशीच गेली.

रोज तेच व्हायला लागलं. दूध नाही म्हणजे आमची चूल नाही. गिऱ्हाइकं पलीकडच्या गवळ्याकडं वळली. बायको म्हणाली, "जागा बदलून बघा की."

"म्हस न्हाय हलणार."

"म्हस का तुमी?"

मी म्हस सोडली आणि त्याच जागेवर नेऊन उभी केली.

अण्णालाही मी दारात नको होतो. "मामा, शेण इथं, इडली इथं. कसं चालतंय?"

"म्हस आधीची हाय. इडली परवा आली. आणि तसलं आंबलेलं पीठ आमच्यात म्हशीला घालत्यात."

हे मी पेठेत पण सगळ्यांना सांगत होतो.

शेवटी मी वडगावला गेलो. म्हटलं, काका, म्हशीनं तुमची हाय खाल्लीया, एकदा तोंड दाखवा. मोटारीत घालून त्यांना घेऊन आलो. हॉटेलच्या दारात बसवलं. म्हशीनं त्यांना बघितलं आणि काही केलं नाही. काका बसून कंटाळले. हाताला चाळा म्हणून त्यांनी डोक्याचा फेटा सोडला, टोक दातांत धरलं आणि पुन्हा बांधायला लागले. इकडं चरवीत धार वाजली, आणि बांधून झालं तशी थांबली.

म्हणजे माझ्या हाताला काही गुण नव्हता. मला राग आला. म्हशीचा आला.

"मला रोज जमायचं न्हाय," काका म्हणाले. "कुणाला तरी शिकवून जातो."

बघायला गर्दी जमली होती, तिच्यातनं एक पैलवान दंड थोपटून पुढं आला. दारात बसून त्यानं झकास फेटा बांधला. म्हशीनं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि त्याच्याकडं पाठ केली. पैलवान लई चिडला. "मैदानात कुणी असं केलं न्हाय मला!"

काका म्हणाले, "तू गिऱ्हाईक हायस बाबा. तिला दुकानाचा मालक लागतोय."

सगळ्या गर्दीनं अण्णाकडं बघितलं.

"बेड, बेड! नको, नको!" अण्णा दोन्ही हात हलवत मागं सरला. "मी हॉटेलवाला. नवरदेव नाही!"

पण रस्त्यावरची माणसं हलेनात, आणि त्यांच्यामुळं हॉटेलात शिरायला वाट राहिली नाही. अण्णानं विचार केला. मग माझ्याकडं बोट केलं. "बांधतो. पण आधी मामा माझी इडली खाणार. ह्या बाकड्यावर. सगळ्यांच्या समोर."

मी म्हणालो, जमणार न्हाय. म्हशीची कास दगडासारखी ताठली होती. बायको मोजायचं माप हातात घेऊन उभी होती. ती म्हणाली, "खावा की गप. का तीबी म्हशीनंच खायची?"

लोक हसले. मी बाकड्यावर बसलो आणि इडली खाल्ली.

"कशी आहे?" अण्णा.

"तिखट न्हाय."

"आणखी एक देऊ?"

"दे."

मग अण्णा दारात बसला. काकांनी कापडाचं टोक त्याच्या दातांत दिलं. त्याला सारखं बोलायची सवय, तोंड उघडलं की टोक सुटायचं. तो बांधत होता ते फेट्यासारखं दिसत नव्हतं, डोकं फुटलेल्या माणसाला दवाखान्यात गुंडाळतात तसं दिसत होतं. म्हशीनं बराच वेळ बघितलं. मी खाली चरवी धरून बसलो होतो, बोटांना चटणीचा वास. आणि धार लागली. पैलवानानं शिट्टी मारली.

अण्णा इतका खूश झाला की त्यानं फेटा ओढून काढला आणि त्याच कापडानं घाम पुसायला लागला. धार बंद.

"बांधा! बांधा!" सगळी पेठ ओरडली.

त्यानं घाईघाईनं परत गुंडाळायला घेतला. आत कॉफीचं दूध उतू गेल्याचा वास सुटला. तो उठायला बघत होता, काकांनी खांदा दाबून खाली बसवला.

"मामा, किती वेळ?"

"चरवी भरंपर्यंत."

तो त्यावर काहीतरी सांगायला गेला, पण काकांनी टोक दातांत दिलं होतं.