झाकणाला लावलेला कान

"कोळंबीनं नुसती मान वाकवावी, गुडघ्यात डोकं घातलं की समजायचं, आपण उशीर केला."

काका हे एकदा मला म्हणाले होते. कोळंबी शिजली हे कसं ओळखायचं, एवढाच माझा साधा प्रश्न होता. उत्तर देताना त्यांनी स्वतःची मान किंचित वाकवून दाखवली आणि तशीच क्षणभर ठेवली. समोरच्या ताटलीतली कोळंबी आणि काका एकमेकांना नमस्कार करताहेत असं वाटलं.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. आम्ही खालच्या मजल्यावर, ते वरच्या. आयुष्यभर त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या. इमारतींच्या डोक्यावर, गच्चीच्याही वर, जिथे फक्त पाण्याच्या टाक्या आणि कबुतरं असतात, तिथल्या बिनखिडकीच्या खोल्यांत त्यांचं तारुण्य गेलं. तिथे मोटर घरघरत असायची, ग्रीसचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास कोंडलेला असायचा. काका लांब स्क्रू-ड्रायव्हर घ्यायचे, त्याचं टोक मोटरच्या अंगावर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. आत कुठलं बेअरिंग झिजलंय, ते त्यांना लोखंडातून ऐकू यायचं. "मोटर बंद पडण्याआधी कुरकुरते," ते म्हणायचे. "माणसासारखीच. फरक एवढाच की मोटर कुरकुरली तर कुणीतरी ऐकायला येतं."

घरात मात्र त्यांना काही म्हणता काही येत नव्हतं. चहा टाकायला सांगितला तर साखरेचा डबा कुठे आहे इथून सुरुवात. अपवाद कोळंबीचा. रविवारी ती तेच आणायचे, तेच निवडायचे, तेच शिजवायचे. काकू म्हणायच्या, "चहा उतू घालवतात, पण कोळंबीची नाडी बघतात. आमची नाही कधी बघितली."

"तुझी कशाला बघायची? तुझी इथवर ऐकू येते," काका म्हणायचे.

निवडण्याचं काम ते ओट्यापाशी स्टूल घेऊन करत. सालं काढायची, पाठीवर सुरीनं बारीक चीर द्यायची, काळा दोरा सुरीच्या टोकानं उचलून अलगद ओढायचा. मग मिठाच्या पाण्यातून काढून फडक्यावर पसरायची आणि वरून दुसऱ्या फडक्यानं टिपून घ्यायची. ओली कोळंबी भाजत नाही, रडत बसते, हे त्यांचं मत. मीठ, मिरपूड आणि ठेचलेला लसूण लावून दोन वाटे करायचे. बिडाच्या कढईत एका वेळी एकच वाटा. गर्दी केली की सगळ्याच उकडतात.

मग कढई तापायची, तेल पडायचं, कोळंबी पडायची, आणि काका जाड झाकण ठेवून लाकडी उलथण्याचं टोक त्या झाकणावर टेकवायचे. दांडा कानाला. डोळे बंद.

त्या क्षणी घरात बोलायचं नाही, असा नियम होता. तो कुणी केला हे कुणाला आठवत नाही, पण मोडायची प्राज्ञा नव्हती. पंखा बंद, नळ बंद. फोन वाजला तर वाजू द्यायचा. शिंक आली तर बाल्कनीत जाऊन द्यायची. झाकणाखाली आधी पाणी सुटायचं आणि सौम्य खदखद व्हायची. मग पाणी आटायचं आणि खदखदीची जागा बारीक चुरचुर घ्यायची. या दोहोंच्या मधे जो एक बदल असतो, त्याची काका वाट पाहत. तो आला की झाकण वर, गॅस बंद, लिंबू. आत सगळ्या कोळंब्या मान वाकवून तयार.

"वास उशिरा येतो," ते सांगायचे. "वास म्हणजे घडून गेलेली गोष्ट. आवाज आधी येतो."

ज्या मोटरींनी काकांना ऐकायला शिकवलं, त्यांनीच हळूहळू त्यांचे कान परत नेले. निवृत्तीनंतर ते ध्यानात आलं. आधी दाराची घंटा गेली, मग कुकरच्या शिट्ट्या. टीव्हीच्या बातम्या आम्हाला खाली बसून फुकटात मिळू लागल्या. दादानं, म्हणजे त्यांच्या मुलानं, तपासणी करून कानाचं मशीन आणलं. काकांनी ते एक दिवस वापरलं.

"घर आहे की चमच्यांचं दुकान?" संध्याकाळी ते काढून ठेवत म्हणाले. "आणि यात पंखा आणि तुझी आई एकाच भावात येतात."

"म्हणजे पंखा कळायला लागला तुम्हाला," काकू म्हणाल्या. "एवढी वर्षं दोघांचंही ऐकलं नव्हतं."

मशीन डबीत गेलं, डबी कपाटाच्या खणात. बॅटरी संपली तर नाक्यावरच्या घड्याळवाल्याकडे मिळते, असं दादानं दोनतीनदा सांगून पाहिलं. काका "हो हो" म्हणाले. हल्ली ऐकू न आलेल्या सगळ्याच गोष्टींना ते "हो हो" म्हणत.

पण रविवारची कोळंबी चालूच राहिली. तेच उलथणं, तेच मिटलेले डोळे, तीच शांतता. आणि कोळंबीही अगदी पूर्वीसारखीच, मान वाकवलेली. मला नवल वाटायचं. मग एकदा ओट्याजवळ उभं असताना दिसलं. खदखदीची चुरचुर होते न होते, तोच काकूंनी वरच्या फळीवरची ताटली काढायला हात लांबवला आणि त्यांचा कोपर काकांच्या बरगडीला लागला. काकांनी डोळे उघडले, झाकण उचललं. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. ताटली, कोपर, झाकण.

काकांची पाठ वळल्यावर मी काकूंना हळूच विचारलं, "सांगत का नाही त्यांना?"

"काय सांगू?" त्या लिंबं कापत राहिल्या. "मोटरी गेल्या, माणसांचं बोलणं गेलं. ऐकण्यासारखं एवढंच उरलंय त्यांच्याकडे. तेही मीच काढून घेऊ?"

मग दादाचं लग्न झालं. सून बालवाडीत शिकवणारी. गलका करणाऱ्या पोरांच्या वर आवाज चढवायची सवय, त्यामुळे ती साधी "पाणी देऊ का" म्हणाली तरी जिन्यात ऐकू जायची. काकांनी तिचं नाव रेडिओ ठेवलं. "घरात रेडिओ आलाय, पण माझ्याकडे नुसती खरखर पोचते," ते कौतुकानं म्हणायचे. त्यांना ती फार आवडली होती. तिला आपल्या हातची कोळंबी खाऊ घालायची, हे त्यांनी मनावर घेतलं होतं.

तो रविवार ठरला, आणि नेमका आदल्या दिवशी काकूंचा पाय जिन्यात मुरगळला. घोटा टम्म सुजला. डॉक्टरांनी पाय टेकवायला मनाई केली. काकूंनी कोळंबी पुढच्या रविवारी करू म्हणून पाहिलं. काका पिशवी घेऊन केव्हाच बाजारात गेले होते.

दादा त्या रविवारीही कामावर होता. काकू बाहेरच्या खोलीत खुर्चीवर, पाय समोरच्या स्टुलावर. मी त्यांच्या घोट्याला पट्टी गुंडाळत होते. तिथून स्वयंपाकघराचं दार, ओटा आणि काकांची पाठ दिसत होती. सून ओट्याला टेकून उभी होती. तिला नियम समजावला गेला होता.

"झाकण पडलं की रेडिओ बंद," काका म्हणाले.

"एकदम बंद, बाबा!" ती इतक्या मोठ्यानं म्हणाली की ते काकांनाही ऐकू गेलं आणि ते हसले.

पहिला वाटा कढईत पडला. झाकण पडलं. उलथणं झाकणावर, दांडा कानाला, डोळे बंद. घर गप्प झालं. खदखद सुरू झाल्याचं आम्हाला बाहेर स्पष्ट ऐकू येत होतं. काकूंनी माझा हात धरला. पट्टी अर्धीच राहिली.

खदखद बारीक झाली. चुरचुर सुरू झाली.

"काढतील," काकू ओठांतल्या ओठांत म्हणाल्या. "आता काढतील."

काकांची पाठ हलली नाही. मी उठू लागले, तर काकूंनी हाताची पकड घट्ट केली. "थांब. काढतील ना." त्या नुसत्या आशेवर बसल्या नव्हत्या, जिद्दीला पेटल्या होत्या. आपल्या कोपराशिवाय एकदा, या एका दिवशी, काकांना ऐकू यावं, एवढंच त्यांना हवं होतं.

चुरचुरीची तडतड झाली. सुनेनं झाकणाकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. तिचा हात तोंडावर गेला. झाकणाच्या कडेनं बारीकसा धूर निघाला. आम्ही तिघी बायका जाणत्या, शुद्धीवर, आणि डोळ्यांदेखत जळणाऱ्या कोळंबीसमोर नियम पाळत गप्प.

शेवटी तिच्यानं राहवलं नाही. "बाबा!"

काका शांत. चेहऱ्यावर तेच लक्ष, तोच आदर.

"बाबा, जळतंय!" या आवाजाला बालवाडीतली चाळीस पोरं जागच्या जागी थिजली असती. काकांची पापणीही हलली नाही. "अहो बाबा!"

काकू खुर्चीचा हात धरून उठल्या आणि एका पायावर लंगडत दाराशी पोचल्या. तेवढ्यात काकांच्या नाकपुड्या हलल्या. त्यांनी डोळे उघडले. समोर सून, तोंड उघडं, गळ्याची शीर ताणलेली. दारात काकू. मागे मी.

त्यांनी आधी गॅस बंद केला. मग झाकण उचललं. सगळ्या कोळंब्यांनी गुडघ्यात डोकी घातली होती.

"हाक मारलीस मला?" त्यांनी सुनेला विचारलं.

तिनं मान हलवली. डोळे भरले होते. "बोलायचं नसतं म्हणून आधी थांबले, बाबा. नाहीतर लगेच..."

"नसतंच बोलायचं," काका तिच्या ओठांकडे बघत म्हणाले. "तुझं बरोबर होतं." त्यांनी कढईतली एक कोळंबी उचलली, फुंकली, तोंडात टाकली आणि बराच वेळ चावली. "चप्पल," ते म्हणाले. "बायकांच्या मापाची."

सून रडता रडता हसली.

मग ते काकूंकडे वळले. "कोपर आज बाहेरच्या खोलीत होता होय?"

काकू दाराला धरून तशाच उभ्या राहिल्या. "तुम्हाला माहीत होतं?"

"कान गेलेत. बरगडी शाबूत आहे."

"मग मला कळू का दिलं नाहीत?"

काका उलथण्याचा दांडा अंगठ्यानं पुसत राहिले. तो कानाच्या बाजूनं गुळगुळीत, काळपट झाला होता. "मला वाटायचं, तू घाई करतेस. थोडं थांबली असतीस तर मलाही ऐकू आलंच असतं. आज म्हटलं, ती नाही. आज ऐकूच." ते थांबले. "झाकण नुसतं गप्प होतं. मला वाटलं, अजून वेळ आहे."

 

"दुसरा वाटा मी सांगेन तेव्हा काढा," काकू जवळजवळ ओरडून म्हणाल्या. "मी इथेच बसते. खुर्ची आण गं. कोपर नाही, काठीनं ढोसते."

काका हसले, पण मान त्यांनी नाही अशी हलवली. दुसऱ्या वाट्याच्या भांड्यावर त्यांनी ताटली झाकली आणि भांडं फ्रिजमध्ये ठेवलं, वरच्या कप्प्यात, समोरच, परत लगेच लागणार असल्यासारखं. उलथणं धुऊन खिळ्याला अडकवलं. हात पुसले. काकूंना खांद्याला धरून खुर्चीपर्यंत आणलं, बसवलं, पाय उचलून स्टुलावर ठेवला आणि अर्धवट सुटलेल्या पट्टीकडे बोट दाखवून मला खूण केली.

मग आतल्या खोलीत कपाट उघडल्याचा आवाज आला. खण कुरकुरला. ते बाहेर आले तेव्हा हातात ती डबी होती. त्यांनी मशीन कानाशी धरलं, बारीक बटण दाबलं, हलवलं, पुन्हा दाबलं. मग ते डबीत ठेवून डबी सदऱ्याच्या खिशात घातली आणि खिशावर एकदा हात ठेवून पाहिला.

"अहो, तो घड्याळवाला दुपारी बंद करतो," काकू म्हणाल्या.

त्यांना ते ऐकू गेलं की नाही, देव जाणे. पण चपला त्यांनी घाईनं घातल्या, डावी उजवीत जाता जाता सावरली, आणि दार ओढून घेत काका बाहेर पडले.